नागपुरी संत्र्याची बाग अकाली का वाळते: लागवडीपूर्वीचे निर्णय, ताण आणि फळगळ

मोर्शी तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. त्यांच्याकडे ४ एकर मध्यम ते भारी काळी जमीन, एक विहीर आणि एक बोअर आहे. नागपुरी संत्र्याची नवी बाग लावण्याचा त्यांचा विचार आहे, परंतु शेजारच्या बागा आठव्या-दहाव्या वर्षीच पिवळ्या पडून वाळताना पाहून ते साशंक झाले आहेत. कलमे जंबेरीच्या खुंटावरची घ्यावीत की रंगपूर लाईमच्या (खुंट म्हणजे ज्या लिंबूवर्गीय रोपावर संत्र्याचे कलम बांधतात ते मुळाकडचे रोप), बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम आंबिया धरावा की मृग, ऑगस्ट-सप्टेंबरमधील फळगळ कशी आटोक्यात ठेवावी आणि फळे झाडावरच व्यापाऱ्याला द्यावीत का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील बागांत दीर्घकाळ काम केल्यानंतर माझे मत ठाम झाले आहे. बागेचे आयुष्य बहुतांशी लागवडीआधीच ठरते. खड्डा कोणत्या मातीत खोदला, कलम कोणत्या खुंटावर आणि किती उंचीवर बांधलेले होते आणि पावसाचे पाणी बुंध्यापासून दूर जाईल अशी सोय केली की नाही, यांवरच झाड १० वर्षे जगेल की २५ वर्षे, हे अवलंबून असते. फवारण्या, खते आणि संजीवके (झाडाच्या वाढीवर परिणाम करणारी रसायने) यांचा क्रम त्यानंतरचा आहे. संत्र्याला फळधारणा साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू होते आणि भर उत्पादन आठव्या ते दहाव्या वर्षापासून मिळते. म्हणजे शेजारच्या बागा नेमक्या परतफेडीच्या वयात जात आहेत. म्हणून आपण पहिला प्रश्न खुंटाचा विचारला असला तरी मी सुरुवात मातीपासून करतो.

नागपूरकर भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगाबादकडून आणलेली ही झाडे विदर्भात रुजली, असे परंपरेने सांगितले जाते. ती येथे इतकी चांगली मानवली याचे कारण बेसॉल्टपासून तयार झालेली काळी माती, तिच्याखालचा निचरा करणारा मुरूम आणि हिवाळ्यातील थंड रात्री यांचा मेळ हे होय. या तिन्हींपैकी मुरुमाकडे आपले सर्वांत कमी लक्ष जाते. वरून सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन शेतांपैकी एकात तीन-साडेतीन फुटांवर मोकळा मुरूम लागतो, तर दुसऱ्यात तेवढ्याच खोलीवर चिकण पिवळी माती किंवा चुनखडीच्या खड्यांचा थर लागतो. पहिले शेत संत्र्याचे आहे; दुसऱ्यात कपाशी, तूर आणि हरभरा उत्तम येईल, परंतु संत्रा टिकणार नाही.

म्हणून या उन्हाळ्यात आपल्या ४ एकरांत निदान चार-पाच ठिकाणी, विशेषतः उताराच्या खालच्या टोकाला, माणूस उभा राहील इतके खोल खड्डे घ्यावेत. प्रत्येक थराची माती स्वतंत्र पिशवीत भरून सामू (पीएच), क्षारता आणि मुक्त चुन्याचे प्रमाण तपासून घ्यावे. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर लोह आणि जस्त मुळांना मिळत नाही, नवी पालवी पिवळी निघते आणि त्यावर कितीही फवारण्या केल्या तरी तो उपाय तात्पुरताच ठरतो. प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच मोलाची आणखी एक परीक्षा आहे. पावसाळ्यात तेच खड्डे भरू द्यावेत आणि पाऊस उघडल्यावर पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल, तर त्या तुकड्यात संत्रा लावू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. ४ एकरांपैकी अडीच एकरच योग्य निघाले तर अडीच एकरच लावावे.

पाणी साचण्याचे एवढे भय का बाळगायचे, हे नीट समजून घ्यावे. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे प्रामुख्याने वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि त्यांना सतत हवा लागते. ऑगस्टमधील झडीत माती दिवसेंदिवस भरलेली राहिली की ही मुळे गुदमरतात आणि त्याच वेळी फायटोफ्थोरा ही बुरशी कामाला लागते. तिचे चल बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, म्हणजे साचलेले पाणी मुळाला दुबळे करते आणि रोगाला वाटही करून देते. मुळाची साल बोटांनी ओढल्यावर मोज्यासारखी निघून आत केवळ दोरा उरला, तर मूळकूज सुरू झाली आहे असे समजावे. जमिनीलगतच्या सालीतून डिंक येऊ लागला तर तोच रोग बुंध्यावर आला आहे. त्याला आपण डिंक्या म्हणतो. पाने पिवळी पडणे, शेंडे वाळणे ही लक्षणे पुष्कळ उशिरा दिसतात. अशा झाडाला अनेकदा अवेळी भरघोस फुलेही येतात आणि शेतकरी आनंदतो, परंतु ते झाड मरणपंथाला लागलेले असते.

आता खुंटाविषयी. विदर्भातील बहुसंख्य जुन्या बागा जंबेरीच्या खुंटावर उभ्या आहेत. जंबेरीवरचे झाड जोमाने वाढते आणि चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत भरपूर फळ देते, परंतु मूळकुजीला ते लवकर बळी पडते. रंगपूर लाईमचा खुंट या रोगाला त्यामानाने अधिक सहनशील आहे, पाण्याची ओढ बऱ्यापैकी सोसतो आणि थोड्याफार चुनखडीतही तग धरतो. आपली जमीन मध्यम ते भारी आहे आणि विहिरींची पातळी खालावत चाललेल्या पट्ट्यात आहे, हे लक्षात घेता मी आपल्याला रंगपूर लाईमचाच सल्ला देईन. मात्र साचलेल्या पाण्यावर रंगपूर लाईम हा उतारा नाही. निचरा नसलेल्या जमिनीत त्यावरचे झाड चार वर्षे उशिरा मरेल, इतकाच फरक पडेल.

खुंटाच्या नावापेक्षाही रोपवाटिकेत काय पाहावे, हे अधिक महत्त्वाचे आहे. वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट आणि परिसरातील पन्हेरी (कलमांची रोपे) राज्याबाहेरही जाते आणि तेथील कारागिरांचा डोळा भरण्यातील, म्हणजे खुंटावर संत्र्याचा डोळा बसवण्यातील, हात वादातीत आहे. तरीही एकाच वावरात वर्षानुवर्षे पन्हेरी घेतली तर त्या मातीत फायटोफ्थोरा मुरतो आणि कलमाबरोबर तो आपल्या शेतात येतो. शक्य असेल तर निर्जंतुक माध्यमात, पिशवीत वाढवलेली आणि जमिनीपासून उंच ठेवलेली कलमे घ्यावीत. उघड्या मुळांची कलमे घ्यावी लागलीच तर पांढरी मुळे प्रत्यक्ष पाहून घ्यावीत. डोळा जमिनीपासून निदान २२ ते २५ सेंटिमीटर उंचीवर भरलेला असावा. संत्र्याची स्वतःची साल या रोगाला नाजूक असते. कलमाचा सांधा उंच राहिला तर पावसाचे चिखलयुक्त शिंतोडे तिच्यापर्यंत सहजी पोहोचत नाहीत. त्याच कारणाने लागवडीच्या वेळी सांधा मातीत जाऊ देऊ नये आणि पुढे आंतरमशागतीत बुंध्याला मातीची भर देऊ नये. डोळे कोणत्या मातृवृक्षावरून घेतले, ती झाडे ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझा या रोगांसाठी तपासलेली आहेत का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याकडे आगाऊ नोंदणी करून कलमे मिळतात. त्यासाठी एक वर्ष थांबावे लागले तरी थांबावे. पंचवीस वर्षांच्या झाडासाठी ते वर्ष वाया गेले असे म्हणता येत नाही.

लागवड ६ बाय ६ मीटर अंतरावर करावी. हेक्टरी २७७ झाडे बसतात. हल्ली ६ बाय ३ मीटरचा आग्रह वाढला आहे. सुरुवातीची वर्षे त्यात उत्पन्न अधिक दिसते, परंतु नियमित छाटणीची शिस्त आणि मजूर हाताशी नसतील तर फांद्या एकमेकींत शिरतात, आत ऊन पोहोचत नाही आणि फवारा पानांच्या खाली लागत नाही. भारी जमिनीत सपाट वाफ्यावर लावण्याऐवजी उताराच्या दिशेने रुंद गादीवाफे तयार करून त्यांवर कलमे लावावीत आणि दोन ओळींनंतर पाणी शेताबाहेर नेणारा चर काढावा. हे काम लागवडीपूर्वी ट्रॅक्टरने स्वस्तात होते. बाग उभी राहिल्यावर ते करताना मुळे तुटतात. पहिली पाच-सहा वर्षे सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा ही आंतरपिके घेता येतील, परंतु मिरची, वांगी, टोमॅटो आणि बटाटा बागेत घेऊ नयेत. या पिकांना ओलीत वारंवार लागते आणि फायटोफ्थोराच्या काही जाती त्यांच्यावरही वाढतात.

ओलिताच्या बाबतीत एकच नियम कसोशीने पाळावा: बुंधा कोरडा राहिला पाहिजे. पाटाने पाणी देत असाल तर दुहेरी आळे करावे, म्हणजे आतल्या वर्तुळात बुंध्याभोवती कोरडी माती राहील आणि पाणी केवळ बाहेरच्या वर्तुळात फिरेल. ठिबक असेल तर झाडाच्या वाढीबरोबर नळ्या बाहेर सरकवाव्यात. कलम लहान असताना बुंध्याशी ठेवलेला ड्रिपर झाड दहा वर्षांचे झाले तरी तेथेच असलेला मी अनेक बागांत पाहतो आणि डिंक्याची सुरुवात बहुधा त्याच बाजूने झालेली असते.

मे अखेरीस, पावसापूर्वी, आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये, बुंध्याला जमिनीपासून ३ फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना वेगळ्या ५ लिटर पाण्यात प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवून दोन्ही एकत्र करावे. लोखंडी विळा त्यात थोडा वेळ बुडवल्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजून थोडी निवळी वाढवावी. मलम ताजेच वापरावे. डिंक्या दिसलेल्या झाडाची सडलेली साल धारदार चाकूने खरवडून, जखम १ टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने धुऊन मग मलम लावावे. मुळांपाशी मेटॅलॅक्झिल आणि मँकोझेब यांचे मिश्र बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम प्रमाणात ओतावे. शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आळा घालणारी उपयुक्त बुरशी) दरवर्षी द्यावा, मात्र या बुरशीनाशकांच्या आळवणीपासून काही अंतर ठेवून.

बहाराचा निर्णय भावावरून नव्हे, तर मे महिन्यातील आपल्या विहिरीच्या पाण्यावरून घ्यावा. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि फळे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात, म्हणजे लहान फळे झाडावर असताना एप्रिल-मेचे ४५ अंशांचे ऊन पार करावे लागते. मृग बहार जून-जुलैत फुलतो आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडीस येतो. त्याला हिवाळ्यात ओलीत लागते, पण भर उन्हाळ्यात झाड ताणावर असते, म्हणजे त्याचे पाणी तोडलेले असते. मृगाच्या फळाला हिवाळ्यातील थंड रात्रींमुळे रंग चांगला चढतो, रसशोषक पतंगाचा उपद्रव कमी असतो आणि भावही बहुधा बरा मिळतो. मात्र तो पावसाच्या स्वाधीन आहे. मेमध्ये वळवाचा मोठा पाऊस झाला तर ताण मोडतो, आणि जून कोरडा गेला तर आधीच ताणलेले झाड अधिकच खंगते. वरुड-मोर्शी भागात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की नवे बोअर घेऊन आंबिया जगवण्याचा बेत मला धोक्याचा वाटतो. आपल्या विहिरीला मेमध्ये झाडांपुरते पाणी खात्रीने टिकत असेल तर आंबिया धरावा, कारण तो अधिक भरवशाचा आहे. टिकत नसेल तर मृग धरावा. एकाच झाडावर दोन्ही बहार घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एका बहाराची फळे झाडावर असताना दुसऱ्यासाठी नीट ताण देताच येत नाही.

ताण देणे ही या पिकातील खरी कसोटी आहे. पाणी तोडल्यावर झाडाची वाढ थांबते, पानांनी तयार केलेले अन्न फांद्यांत साठते आणि पाणी पुन्हा मिळताच त्या साठ्यातून पालवीबरोबर फुले निघतात. हलक्या जमिनीत ३० ते ४५ दिवसांत, तर भारी जमिनीत ५० ते ६० दिवसांत ताण बसतो. परंतु दिवस मोजण्यापेक्षा झाडाकडे पाहावे. पानांचा तजेला जाऊन ती फिकट होतात, दुपारी मलूल पडतात आणि सुमारे पाव भाग पाने गळतात, तेथे थांबावे. काड्या वाळू लागल्या तर ताण मर्यादेबाहेर गेला. आंबियासाठी डिसेंबरमध्ये पाणी तोडतात आणि तेव्हाची थंडी ताणाला साहाय्य करते. भारी काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही. तेथे उथळ वखरणी करून वरची बारीक मुळे थोडी तोडावीत आणि वाढ रोखणारे क्लोरमेक्वाट क्लोराईड लिटरला २ मिलि प्रमाणात फवारावे. ट्रॅक्टरने खोल नांगरट करून ताण देण्याची रीत मात्र मला अजिबात मान्य नाही. तुटलेल्या जाड मुळांच्या जखमांतून पुढच्या पावसाळ्यात रोग शिरतो. ताण मोडताना शेणखत आणि खतांची मात्रा देऊन पहिले ओलीत हलके करावे, दुसरे चार-पाच दिवसांनी थोडे अधिक आणि त्यानंतर नेहमीचे. एकदम भरपूर पाणी दिले तर फुलांऐवजी पालवीच फुटते.

खतांविषयी लांबण लावत नाही. विद्यापीठाची शिफारस हा पाया धरावा आणि दर दोन वर्षांनी पानांचे पृथक्करण करून तिच्यात बदल करावा. त्यासाठी फळ नसलेल्या फांदीवरील, ६ ते ८ महिने वयाची, शेंड्याकडून दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकाची पाने घ्यावीत. भरपूर शेणखत आणि निंबोळी ढेप यांना पर्याय नाही. पिवळ्या पानांच्या बाबतीत घाई करू नये: मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखाच पिवळेपणा असेल तर जस्ताची कमतरता संभवते, पण एका बाजूचे ठिपके दुसऱ्या बाजूशी जुळत नसतील तर ग्रीनिंगचा संशय घ्यावा. हा रोग सायला ही कीड पसरवते आणि त्यावर औषध नाही. सायलाचे नियंत्रण करून बाधित झाड काढणे एवढेच हाती उरते. कोळशीसाठी (पानांवर चढणारा काळा थर) काळ्या माशीची पिल्ले लहान असतानाच, पानांच्या खालच्या बाजूला लागेल अशी निंबोळी तेलाची फवारणी करावी. पाने काळी पडल्यावर केलेली फवारणी बहुतांशी वाया जाते.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या फळगळीवर सरसकट एक औषध विचारले जाते, परंतु तिची कारणे वेगवेगळी आहेत. म्हणून औषध आणण्यापूर्वी गळालेली फळे गोळा करून कापून पाहावीत. सालीवर टाचणीएवढे छिद्र, भोवती मऊ तपकिरी डाग आणि दाबल्यावर रस येत असेल तर ते रसशोषक पतंगाचे काम आहे. आत अळ्या असतील तर फळमाशी. देठाकडून काळी कूज असेल तर बुरशी. आणि काहीही खूण नसताना फळ देठापासून सुटले असेल तर झाडाच्या मुळांना हवा मिळत नाही किंवा अन्न अपुरे पडते आहे. या शेवटच्या प्रकारात आधी चर मोकळे करून साचलेले पाणी काढावे. त्यानंतर १०० लिटर पाण्यात जिबरेलिक ॲसिड किंवा २,४-डी दीड ग्रॅम आणि युरिया १ किलो यांची फवारणी करावी; संजीवक आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावे. शेजारी कपाशी असेल तर २,४-डी वापरू नये, जिबरेलिक ॲसिडच घ्यावे. कपाशी या रसायनाला विलक्षण संवेदनशील आहे. वाऱ्याबरोबर गेलेल्या तुषारांनी तिची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली निघतात, आणि पंप नीट धुतला नाही तरी तोच परिणाम होतो.

बुरशीच्या गळीचे मूळ झाडावरच्या वाळलेल्या काड्यांत असते. म्हणून तोडणी संपताच सल काढणे हे मी या पिकातील सर्वांत दुर्लक्षित काम समजतो. वाळलेली काडी २ सेंटिमीटर हिरव्या भागासह कापावी, बागेबाहेर नेऊन जाळावी आणि नंतर बुरशीनाशक फवारावे. पाणसोटही (सरळ वाढणारे, फळ न देणारे फुटवे) त्याच वेळी काढावेत. पतंगाच्या अळ्या संत्र्यावर नव्हे, तर बांधावरच्या गुळवेल, वासनवेल यांसारख्या वेलींवर वाढतात. त्या वेली काढल्या, गळालेली फळे रोज पुरली आणि फळे पिकू लागल्यावर सूर्यास्तानंतर बागेत धूर केला तर नुकसान बरेच घटते. फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचे सापळे हेक्टरी २५ या प्रमाणात, फळे पक्व होण्याच्या सुमारे दोन महिने आधी टांगावेत.

विक्रीविषयी मी शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो. झाडावरच बगीचा देण्यात तोडणीची आणि वाहतुकीची चिंता जाते हे खरे, परंतु इसार घेऊन सौदा झाल्यावर भाव पडला की व्यापारी चुरीचे (बारीक फळांचे) कारण पुढे करतो किंवा माल उशिरा नेतो आणि तोवर आपले झाड फळांच्या ओझ्याखाली राहते. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून लहान फळांचा उठाव विशेष घटला आहे. सौदा करायचाच असेल तर तोडणीची अंतिम तारीख, चुरीचा आकार आणि उरलेल्या रकमेच्या मुदती कागदावर लिहून घ्याव्यात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे; त्याचा उपयोग शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत प्रतवारी करून, नाव लावून माल विकणाऱ्यांनाच होतो, म्हणून गावातील चार-सहा बागाईतदारांनी मिळून तशी सुरुवात करावी असे मी सुचवीन. कोणत्याही मार्गाने विकले तरी फळे ओढून तोडू देऊ नयेत. या जातीची साल सैल असल्यामुळे ओढल्यावर देठाशी फाटते आणि तेथूनच पेटीत कूज सुरू होते. तोडणी कात्रीने, देठ फळाला चिकटून कापून, दव वाळल्यावर करावी आणि ही अटसुद्धा सौद्याच्या कागदात लिहावी.